ग्रीक-लॅटिन शिकून कोकणातलं पोर करणार काय?

२०२३ च्या ऑक्टोबरात एक बातमी फिरत होती, तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आली असेल. इटलीत इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा हर्क्युलेनियम गावातल्या एका श्रीमंताच्या वाड्यातलं अख्खं ग्रंथालय गाडलं गेलं. त्यातल्या पपायरसच्या (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला जुना कागद) गुंडाळ्यांचा कोळसा झाला, उघडायला गेलं की भुगा. त्या न उघडताच सीटी स्कॅन करून, वर कॉम्प्युटरला शिकवून शिकवून, आतली ग्रीक अक्षरं दिसायला लागली. पहिला अख्खा शब्द शोधला तो ल्यूक फॅरिटर नावाच्या एकवीस वर्षांच्या अमेरिकन कॉलेजच्या पोराने, आणि पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत त्याला आणि दोन साथीदारांना मिळून ७ लाख डॉलरचं बक्षीस मिळालं.

बातमी भारीच आहे, पण त्यात एक गोष्ट पटकन निसटते. कॉम्प्युटरने अक्षरं दाखवली, पण ती जुळवून वाचली कोणी? तर इटलीतल्या वगैरे प्राध्यापकांनी, ज्यांनी कॉलेजात ग्रीक शिकून आयुष्य त्यात घातलंय. हा विषय कॉलेजात शिकता येतो, त्याची रीतसर डिग्री असते, हेच आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि परदेशी युनिव्हर्सिटीच्या साइटवर ‘क्लासिक्स’ असं लिहिलेलं दिसलं की वाटतं शास्त्रीय संगीत असेल. म्हणून म्हटलं एकदा नीट सांगू.

हा विषय नेमका आहे काय

क्लासिक्स म्हणजे प्राचीन ग्रीस आणि रोम यांचा सगळा अभ्यास. काळ साधारण होमरच्या काव्यांपासून, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या आसपासपासून, ते रोमचं पश्चिमेकडचं साम्राज्य पडलं त्या पाचव्या शतकापर्यंत. पुढेमागे ताणतात लोक. भाषा दोन, ग्रीक आणि लॅटिन. यातली ग्रीक म्हणजे आज अथेन्समधला रिक्षावाला बोलेल ती नाही (तिथे रिक्षा नाहीत, पण समजून घ्या), तिची दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची आजी.

आपल्याकडे इतिहास वेगळा, संस्कृत वेगळं, तत्त्वज्ञान वेगळं, पुरातत्त्व वेगळं, आणि एका डिपार्टमेंटचा माणूस दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये फिरकत नाही. क्लासिक्समध्ये हे सगळं एकाच डिग्रीत येतं. सकाळी नाटकाचा उतारा, दुपारी प्लेटो, मग नाणी, मग खापरं, शिलालेख, रोमन कायदा. सगळ्यांच्या बुडाशी भाषा, कारण मूळ कागद वाचता आला नाही तर बाकीचं सगळं ऐकीव.

ऑक्सफर्डला हा कोर्स चार वर्षांचा आहे, जुनं लॅटिन नाव ‘लिटरे ह्युमॅनिओरेस’ अजून चालवतात. केंब्रिजला तीन वर्षांचा, पण लॅटिन अजिबात येत नसेल तर आधी एक वर्ष जास्त देऊन चार वर्षांचा. म्हणजे शाळेत लॅटिन नव्हतं म्हणून दार बंद, असं आता राहिलेलं नाही.

कॉलेजात बसून करतात काय

पहिलं वर्षभर व्याकरण. लॅटिनमध्ये नामांचे पाच गट, सहा विभक्ती, ग्रीकमध्ये पाच विभक्ती, लिंगं तिन्ही, आणि ग्रीकमध्ये तर एकवचन-अनेकवचनाबरोबर द्विवचन पण. आता हे वाचून इंग्रज पोराला घाम फुटतो, पण आठवी-नववीत ‘देवः देवौ देवाः’ म्हटलेल्या पोराला फुटायचं कारण नाही. संस्कृतमध्ये विभक्ती आठ आहेत, आपण त्यातून पार पडलोय. आणि मराठी बोलणाऱ्याला टेबल नपुंसकलिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, असले प्रश्न पडत नाहीत, ते त्याच्या अंगातच असतं. ही सोय कमी समजू नका, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे पहिले महिने त्यातच जातात.

दुसऱ्या वर्षापासून खरे ग्रंथ. आठवड्याला ठरलेल्या ओळी वाचून यायचं, वर्गात एकेक वाक्य सोडवायचं, कर्ता कुठे, क्रियापद कुठे, हा शब्द इथे का आला. मग त्यावर निबंध. कंटाळवाणं आहे का? आहे. संस्कृतचा अन्वय लावणं पण कंटाळवाणंच असतं, लागला की मग बरं वाटतं.

यात कोकण कुठून आलं

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमध्ये राहणाऱ्या ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने जहाजवाल्यांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं, ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ म्हणून ओळखतात. नाव त्याने टाकलं नाही. जेमतेम ६६ परिच्छेद, साहित्य म्हणून शून्य, भाषा रांगडी, पण बंदरं, भरती-ओहोटी, कुठे काय विकलं जातं, राजाला काय भेट द्यावी लागते (चांदीची भांडी, गाणारी मुलं, उत्तम दारू, आणि हो, जनान्यासाठी मुलीसुद्धा), सगळं रोखठोक. आणि त्यात आपला किनारा आहे.

गुजरातेतल्या भडोचच्या खाली येताना तो सोपारा सांगतो, मग कल्याण. कल्याणबद्दल म्हणतो की आधीच्या राजाच्या वेळी हे रीतसर व्यापारी बंदर होतं, पण आता सत्ता बदलल्यापासून इथे अडवणूक होते, चुकून एखादं ग्रीक जहाज आलंच तर पहारा लावून भडोचला नेतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी बंदर बंद पाडायचं राजकारण चाललेलं, सातवाहन आणि क्षत्रप (म्हणजे शक राजे) यांच्या भांडणात. मग कल्याणच्या खाली नावांची रांग लागते, सेमिल्ला, मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगारा, बिझांतिऑन, आणि थोडं पुढे बेटं आणि चाचे.

सेमिल्ला म्हणजे आपलं चौल, याबद्दल फारसा वाद नाही. शंभरेक वर्षांनी टॉलेमी नावाच्या भूगोलवाल्याने लिहून ठेवलंय की सिमिल्लाला तिथले लोक तिमुला म्हणतात, आणि कान्हेरीच्या शिलालेखांत चेमुल हे नाव आहे. दोन लिपींत, दोन वेगळ्या जगांतल्या माणसांनी एकाच गावाचं नाव लिहिलंय. पुढच्या नावांवर मात्र मारामारी आहे. मंदगोरा कोणी बाणकोटला नेतं, कोणी राजपुरीच्या खाडीवरच्या मांदाडला. पालैपत्मै म्हणजे दाभोळ म्हणतात काही, मेलिझैगारा जयगड किंवा जंजिरा, बिझांतिऑन म्हणजे विजयदुर्ग. प्रत्येक गावाला आपलंच बंदर हवंय, साहजिक आहे.

मांदाडची बाजू मला जास्त पटते. कारण त्याच्या शेजारी कुडा लेणी आहेत आणि तिथल्या ब्राह्मी लेखांत ‘मांदव’ नावाचं महाभोजांचं घराणं येतं, दान देणाऱ्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, म्हणजे हाताशी पैसा खुळखुळणारं बंदर असावं. पण हे नक्की करायचं तर माणसाला दोन गोष्टी याव्या लागतात, कुड्याच्या भिंतीवरचं ब्राह्मीतलं प्राकृत आणि पेरिप्लसचं ग्रीक. दोन्ही येणारी माणसं जगात मोजकी, आणि त्यातली राजपुरीच्या खाडीत होडीने फिरलेली किती असतील? भरतीला गलबत कुठपर्यंत आत येतं, गाळ कुठे साठतो, कुठल्या खडकाला जपावं लागतं, हे ज्या कोळ्याच्या पोराला लहानपणापासून माहीत आहे त्याला ग्रीक येत नाही, आणि ज्याला ग्रीक येतं तो जर्मनीत हाईडलबर्गच्या लायब्ररीत बसलाय. (उगाच नाव घेतलं नाही. पेरिप्लसची दहाव्या शतकातली हस्तलिखित प्रत खरंच हाईडलबर्गला आहे, आणि ती नकलून काढणाऱ्याने चुकाही भरपूर केल्यात.)

पावसाचं पण बघा. पेरिप्लस सांगतो की इजिप्तमधून हिंदुस्थानाकडे जुलैत निघायचं. जुलैत इथे होड्या ओढून शाकारलेल्या असतात, समुद्राकडे बघवत नाही. पण इजिप्तमधून जुलैत निघालेलं जहाज तांबड्या समुद्रातून बाहेर पडून इथे पोचतं सप्टेंबरच्या सुमाराला, म्हणजे नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर, वारा मऊ झाल्यावर. परत जायचं डिसेंबर-जानेवारीत, उलट्या वाऱ्याने. इथल्या कुठल्याही नाखव्याला हे वेळापत्रक एका मिनिटात कळेल.

पैसा किती होता म्हणाल तर प्लिनी नावाचा रोमन लेखक कुरकुर करतो की हिंदुस्थान दरवर्षी आमचे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणं) खाऊन टाकतो. हा प्लिनी त्याच ७९ सालच्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला, ज्याने त्या गुंडाळ्या जाळल्या. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात खणताना देवळात साडेसात किलो काळी मिरी मिळाली, ती पण भारतात घडवलेल्या रांजणात. व्हिएन्नात एक पपायरस आहे, केरळातल्या मुझिरिसहून गेलेल्या हर्मापोलोन नावाच्या जहाजाच्या मालाचा हिशेब, त्यावरून कळतं की रोम या मालावर २५ टक्के आयात कर घेत होता. आणि पाँपेईत १९३८ साली बाईची एक हस्तिदंती मूर्ती सापडली, तशाच मूर्ती आपल्या भोकरदनला आणि तेरला मिळाल्यात.

तर हा ‘त्यांचा’ इतिहास आहे असं म्हणायची सोय नाही. आपल्या बंदरांची एवढी जुनी आणि एवढी तपशीलवार यादी ग्रीकमध्ये आहे, आपल्या भाषेत नाही.

पण इंग्रजी भाषांतरं आहेत की

आहेत, चांगली आहेत. पेरिप्लसचं १९१२ सालचं आहे, १९८९ चं आहे, वाचा जरूर. पण कोकणात जमिनीचा वाद असलेल्या माणसाला मी काय सांगायचं, सातबारा तलाठ्याने वाचून दाखवला म्हणून तुम्ही गप्प बसता का? नाही बसत. स्वतः बघता, फेरफार काढता, इतर हक्कात कुणा कुळाचं नाव घुसलंय का ते बघता. भाषांतर म्हणजे तलाठ्याने वाचून दाखवलेला सातबारा. तलाठी प्रामाणिक असतो बहुतेक वेळा, पण जिथे मूळ कागदावर डाग पडलाय तिथे तो काहीतरी एक वाचतो आणि पुढे जातो, आणि डाग होता हे तुम्हाला कळतच नाही. कल्याणचा तो अडवणूक करणारा राजा कोण, यावर पानंच्या पानं वाद आहे, कारण त्या जागी हस्तलिखितात जे नाव आहे ते नेमकं कुणाला लावायचं हेच ठरत नाही, सातवाहन की शक. एका नावावर कोकणच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाचा मालक बदलतो. भाषांतरात ते नाव गुपचूप छापून मोकळं होतात.

मेलेली भाषा, आणि वर आता एआय करेल सगळं

मेलेली म्हणजे आता कुणी घरात बोलत नाही, एवढंच. मोडी पण कुणी लिहीत नाही, तरी तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मोडी वाचणारा सापडला की लोक त्याला चहा पाजून बसवून ठेवतात.

एआयचं म्हणाल तर हर्क्युलेनियमचीच गोष्ट परत घ्या. बक्षीस मिळालेल्या मजकुरात दोन हजारांच्या वर अक्षरं होती, ती खरी आहेत की मशीनला भास झालेत हे तपासायला पपायरसवाले तज्ज्ञच बसवावे लागले. तिथे शेकडो गुंडाळ्या अजून न वाचलेल्या आहेत. म्हणजे उलट वाचणाऱ्यांचं काम वाढणार आहे. चॅटबॉट लॅटिनचं भाषांतर करतो, बऱ्यापैकी करतो, पण तो चुकलाय हे ओळखायला लॅटिन येणारा माणूस लागतो, हे जरा चमत्कारिक वाटेल पण आहे तसंच.

संस्कृत सोडून परकी भाषा कशाला

सोडायला कोण सांगतंय? संस्कृत आधी. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने भाषण केलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं साम्य इतकं आहे की या एकाच मुळातून आल्या असाव्यात, तेव्हापासून या तीन भाषा विद्वानांच्या टेबलावर एकत्र आहेत. मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर, रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले, १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत बसले आणि पुढे युरोपातले संस्कृतवाले त्यांचं नाव मानाने घेत. त्यांच्या अभ्यासाची पद्धतच अशी की हस्तलिखितं ताडून बघायची, काळ ठरवायचा, श्रद्धा बाजूला ठेवायची. युरोपात हीच पद्धत ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर घासून तयार झाली. आपल्याकडच्या दापोली-चिपळूण पट्ट्यात घरटी एखादं पोर संस्कृतमध्ये पैकीच्या पैकी आणतं आणि मग बारावीला ते वाऱ्यावर सोडतं, त्यातल्या एखाद्याने ग्रीक जोडलं तर संस्कृतचं काही बिघडत नाही.

हे साहेबी खूळ नाही का

होतं, एके काळी होतं. आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजी राजवटीत हिंदुस्थानचे बडे अधिकारी निवडायच्या, परीक्षेत सुरुवातीला ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० मार्क आणि संस्कृत-अरबीला ३७५, म्हणजे हिंदुस्थानावर राज्य करायला हिंदुस्थानच्या भाषेपेक्षा ग्रीक दुप्पट महत्त्वाचं. हा विषय गोऱ्या श्रीमंत पोरांची ओळखखूण म्हणून वापरला गेला यात शंका नाही, आणि यावर आता त्यांच्यातच जोरात भांडण चालू आहे. २०२१ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनने क्लासिक्सच्या पदवीला ग्रीक-लॅटिनची सक्तीच काढून टाकली, जास्त मुलं यावीत म्हणून. इंग्लंडमध्ये सरकारने साध्या शाळांत लॅटिन शिकवायची योजना आणली आणि २०२५ च्या सुरुवातीला पुढच्या सरकारने मध्येच बंद केली, म्हणजे त्यांच्याकडेही पैसे कुठून आणायचे हाच प्रश्न.

सक्ती काढायचा निर्णय मला चुकीचा वाटतो. गरिबाच्या पोराला भाषा जमणार नाही हे आधीच गृहीत धरून भाषाच काढून टाकायची, हा कसला उपकार. शिकवायला जास्त वेळ द्या ना.

ह्यां शिकान पोट भरतला काय?

हा खरा प्रश्न, आणि इथे गोड बोलून चालणार नाही.

इंग्लंडमध्ये क्लासिक्स झालेली माणसं वकिली, बँका, सरकारी नोकरी, पत्रकारिता, सगळीकडे आहेत. कॉम्प्युटर शिकणाऱ्यांना क्विकसॉर्ट (यादी क्रमाने लावायची पद्धत) माहीत असेल, ती पद्धत शोधणाऱ्या टोनी होअरची ऑक्सफर्डची डिग्री ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञानाचीच. पण ही उदाहरणं देऊन कुणाला भुलवू नका. तिथल्या कंपन्यांना ऑक्सफर्डचा शिक्का दिसतो, विषय कुठलाही असला तरी घेतात. आपल्याकडे कॅम्पसला येणाऱ्या कंपनीच्या फॉर्मवर हा विषय टाकायला रकानाच नसतो.

आणि खर्च. परदेशी विद्यार्थ्याला ऑक्सफर्डची नुसती फी वर्षाला तीस लाखांच्या पुढे, राहणं-खाणं वेगळं, गुणिले चार. आंब्याच्या कलमांवर किंवा होडीवर कर्ज काढून हे करायचं असेल तर मी सरळ सांगेन, करू नका. पदवीच्या पातळीवर तर नकोच.

मग कोणी करावं? ज्याला इतिहास, पुरातत्त्व, संस्कृत यातच जायचंय त्याने, आणि त्याच्या हातात हे जास्तीचं हत्यार म्हणून. भारत-रोम व्यापारावर काम करणारी माणसं जगभर आहेत, पण संस्कृत-प्राकृत आणि ग्रीक दोन्ही मुळातून वाचणारा उमेदवार दुर्मिळ असतो, त्याची पीएचडीची शक्यता बरी असते. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएचडीला फी माफ आणि वर महिन्याचा खर्च देतात, जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाहीच. पण तिथे ग्रीक, लॅटिनबरोबर जर्मन आणि फ्रेंच पण वाचता यावं लागतं. एवढं सगळं करून प्राध्यापकाची जागा मिळेलच असं नाही, तिथेही जागा कमी झाल्यात. डोळे उघडे ठेवून जा.

बारावीनंतर करायचं काय मग

भारतात क्लासिक्सची सरळ डिग्री शोधत वेळ घालवू नका. बीए करा इतिहासात किंवा संस्कृतमध्ये, रत्नागिरीत कालिदास संस्कृत विद्यापीठाचं केंद्र आहे, संस्कृत पंडित पां. वा. काण्यांच्या नावाचं, ते घरापासून एसटीच्या अंतरावर. मग एमएला पुण्याचं डेक्कन कॉलेज, प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व. ब्राह्मी तिथे शिकाल. ग्रीक या सगळ्याच्या बाजूने चालू ठेवायचं, रोज अर्धा तास, आणि पाच-सहा वर्षांनी बाहेर अर्ज करायचा तेव्हा भाषा कमी पडली तर अमेरिकेत पदवीनंतरचा खास भाषेचा एक वर्षाचा कोर्सही काही ठिकाणी असतो.

साहित्य फुकट आहे. टफ्ट्स विद्यापीठाची ‘पर्सियस’ नावाची साइट आहे, तिथे मूळ ग्रीक मजकूर उघडतो, शब्दावर क्लिक केलं की त्याचं रूप आणि अर्थ दिसतो. लोब नावाच्या मालिकेची छोटी पुस्तकं मिळाली तर घ्या, डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी, ग्रीकची हिरवी आणि लॅटिनची लाल.

मराठी माध्यमाचं काय, हे विचारतातच लोक. अडचण येते ती ग्रीकची नाही, इंग्रजीची, कारण ग्रीकची सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत. पण व्याकरणाचे शब्द तुम्हाला मराठीत आधीच येतात, इंग्रजी माध्यमाच्या पोराला ‘डेटिव्ह’ म्हणजे काय ते समजवायला अर्धा तास लागतो, तुम्हाला चतुर्थी म्हटलं की झालं.

लॅटिन आधी की ग्रीक? बाहेर बहुतेक ठिकाणी लॅटिन आधी धरतात, सोपी म्हणून. कोकणच्या पोराने ग्रीक आधी धरावं असं माझं मत, कारण पेरिप्लस ग्रीकमध्ये आहे आणि टॉलेमी पण. अक्षरं फक्त २४ आहेत. सायन्सवाल्यांना अल्फा, बीटा, थीटा, पाय, सिग्मा, ओमेगा अशी निम्मी आधीच येतात, उरलेली गणपतीच्या सुट्टीत आरत्यांच्या मधल्या वेळात होऊन जातात.